सहज बोली आणि अवमानाचा निकष : खानदेशच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

एखादा शब्द अपमानकारक आहे की नाही, हे कशावरून ठरवावे? वर्गातील संभाषण, वसतिगृहातील तक्रार, स्नेहसंमेलनातील नाटिकेची संहिता अशा अनेक प्रसंगी हा प्रश्न अध्यापकांपुढे उभा राहतो. त्याचा निर्णय बहुतेक वेळा कानाला काय खटकले यावर होतो. हा निकष दोन्ही बाजूंनी फसतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. तो अपरिचिताला असभ्य ठरवतो आणि परिचिताला निरुपद्रवी मानतो.

अपरिचित आणि असभ्य

धुळे, नंदुरबार आणि जळगावच्या पश्चिम भागात बोलल्या जाणाऱ्या अहिराणीत मुलाला 'आंडोर' आणि मुलीला 'आंडेर' म्हणतात. घराघरांत मायेने उच्चारले जाणारे हे शब्द प्रमाण मराठीच्या कानाला मात्र ओंगळ वाटतात. त्यामागे अर्थ नसून केवळ ध्वनिसाम्य असते. वऱ्हाडातील 'पोट्टा' हा शब्दही तेथे 'मुलगा' एवढेच सांगतो. इतरत्र तो हेटाळणीचा समजला जातो.

ग्रियर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात 'खानदेशी'ची नोंद १९०७ साली केली. बहिणाबाई चौधरी यांची लेवा बोलीतील गाणी १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली आणि २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव मिळाले. काव्यात बोलीचा असा गौरव झाला. पण तीच बोली बोलणाऱ्या विद्यार्थ्याला वर्गात 'नीट बोल' असे सांगितले जाते तेव्हा त्या गौरवाचा अर्थ काय उरतो? येथे अवमान होतो तो बोलणाऱ्याचा, ऐकणाऱ्याचा नव्हे.

परिचित आणि निरुपद्रवी

याउलट 'चांभारचौकशा' हा शब्द सुशिक्षितांच्या बोलण्यात निःसंकोच येतो. भित्र्या पुरुषाला 'बांगड्या भर' म्हटले जाते. 'लंगडी सबब' तर छापील गद्यातही सहज आढळते. यांपैकी एकही शब्दप्रयोग कानाला खटकत नाही, कारण तो सवयीचा आहे. परंतु पहिल्यात एका जातीचे नाव निरर्थक उठाठेवीला जोडलेले आहे, दुसऱ्यात स्त्रीत्व हेच दुबळेपण मानले आहे आणि तिसऱ्यात शारीरिक व्यंग हे खोटेपणाचे रूपक झाले आहे. बोलणाऱ्याच्या मनात द्वेष नसेलही; पण ज्यांच्या नावावर हे शब्द चालतात, ते बहुधा त्या संभाषणात उपस्थित नसतात.

महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वर्षानुवर्षे 'केवळ पत्ता' मानली गेलेली नावे अवमानकारक असल्याचे मान्य झाले. अंगवळणी पडणे म्हणजे निर्दोष असणे नव्हे, हेच त्यातून दिसते.

न्यायालयीन निकषांची मर्यादा

सर्वोच्च न्यायालयाने स्वर्णसिंग प्रकरणात (२००८) 'चमार' या शब्दाचा विचार करताना व्युत्पत्तीपेक्षा आजच्या लोकव्यवहारातील अर्थ महत्त्वाचा मानला आणि अपमानाचा हेतू संदर्भावरून ठरवावा असे म्हटले. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या अंतर्गत नियतकालिकात आली होती. तिच्यासंबंधी २०१५ च्या निकालात न्यायालयाने आदरणीय ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी अश्लील शब्द घालताना निकष अधिक कडक असेल असे सांगितले. पुढे २०२४ मध्ये महाविद्यालयीन तरुणांवरील एका वेब मालिकेच्या प्रकरणात न्यायालयाने असभ्य भाषा म्हणजे अश्लीलता नव्हे, शिव्या अनेकदा केवळ राग वा उत्तेजना व्यक्त करतात, असे स्पष्ट केले.

हा शेवटचा निर्णय स्वागतार्ह आहे; परंतु तो 'अश्लील आहे काय?' या प्रश्नाचे उत्तर देतो, 'अवमानकारक आहे काय?' या प्रश्नाचे नाही. आईबहिणीवरून दिलेली शिवी दोन मित्रांत रागाची वा लाडाचीही असू शकेल, पण ती ज्या स्त्रीच्या नावाने उभी राहते तिचा प्रश्न शिल्लकच राहतो. २०१५ च्या निकालात अनुपस्थित व्यक्तीचा विचार झाला, तो ती व्यक्ती महापुरुष होती म्हणून. चौकशांशी नाव जोडल्या गेलेल्या कारागिराच्या वाट्याला असा विचार क्वचितच येतो.

निष्कर्ष

म्हणून कोणत्याही शब्दाबाबत तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. बोलणाऱ्याच्या बोलीत त्याचा अर्थ काय? ऐकणाऱ्याला तोच शब्द निर्भयपणे परत उच्चारता येईल काय? आणि तो शब्द कोणाच्या नावावर चालतो? पहिल्या प्रश्नाने 'आंडोर' निर्दोष ठरतो. दुसऱ्याने मित्रांमधील थट्टा आणि वरिष्ठाने कनिष्ठाला केलेली 'थट्टा' वेगळ्या होतात. तिसऱ्याने 'चांभारचौकशा' उघडी पडते. नामदेव ढसाळ यांच्या 'गोलपिठा'तील (१९७२) शब्दांचाही निवाडा याच प्रश्नाने होतो. त्या जगाच्या आतून उमटलेला शब्द तेथे साक्ष ठरतो. बाहेरच्याने हिणवण्यासाठी वापरला तर तोच शिवी होतो.

तिसऱ्या प्रश्नावर दोषी ठरणारा प्रत्येक शब्द शिक्षेस पात्र असतो असे नाही. सवयीने बोललेल्या शब्दाला दंडापेक्षा चर्चा अधिक उपयोगी पडते. शिक्षा राखून ठेवावी ती समोरच्याला हिणवण्यासाठी जाणीवपूर्वक वापरलेल्या शब्दासाठी. मात्र ही चर्चा विद्यार्थ्यांच्या बाकांपासून सुरू न होता अध्यापक-कक्षापासून सुरू झाली, तरच तिला नैतिक आधार राहील. ग्रामीण मुलाच्या तोंडची बोली सुधारण्यापूर्वी आपल्या प्रमाण भाषेतील मुरलेला अवमान ओळखणे, हे खानदेशातील भाषाशिक्षणाचे पहिले काम आहे.