ऐंशी टक्क्यांचा दावा आणि कांद्याची कसोटी

सप्टेंबर २०१२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ‘एन्कोड’ प्रकल्पाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मानवी जनुकसंचाच्या ८०.४ टक्के भागास जीवरासायनिक कार्य नेमून देता येते, असे त्यांत म्हटले होते. वृत्तपत्रांनी तो आकडा मथळ्यांत घेतला आणि ‘अडगळ डी.एन.ए.’ची कल्पना इतिहासजमा झाल्याचे जाहीर करून टाकले. मथळे विरले, आकडा मात्र अद्याप उत्तरपत्रिकांतून भेटतो; म्हणून त्याची झडती पुन्हा घेणे अवश्य वाटते.

आमचा मुख्य आक्षेप असा की, हा निष्कर्ष एकट्या मानवाकडे पाहून काढलेला आहे. पेशीतील डी.एन.ए.चे परिमाण जातीगणिक विलक्षण बदलते, हे त्यापूर्वी साठ वर्षे ठाऊक होते. १९५१ मध्ये मर्स्की व रिस यांनी निरनिराळ्या प्राण्यांच्या पेशींतील डी.एन.ए. मोजले, तेव्हा अँफियुमा या उभयचराच्या पेशीत ते कोंबडीच्या सुमारे सत्तर पट भरले. मनुष्याच्या जनुकसंचात सुमारे ३ अब्ज १० कोटी क्षारक-जोड्या आहेत. फुगू माशाचे काम सुमारे ४० कोटींत भागते, तर ऑस्ट्रेलियातील फुप्फुसमीनाला ४३ अब्ज लागतात. (‘लागतात’ हे क्रियापदच वादाचे मूळ आहे, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानी आलेच असेल.) वनस्पतींत न्यू कॅलेडोनियातील एका नेच्याची नोंद २०२४ मध्ये १६० अब्जांवर गेली. उलट, आपल्या सड्यांवर पावसाळ्यात फुलणाऱ्या सीतेच्या आसवांची सगोत्र युट्रिक्युलेरिया गिब्बा ही १० कोटींच्या आसपासच थांबते.

टी. रायन ग्रेगरी यांनी २००७ मध्ये मांडलेली कसोटी येथे लावून पाहावी. कांद्याच्या जनुकसंचात सुमारे १६ अब्ज जोड्या, म्हणजे मनुष्याच्या पाचपट. आपल्या डी.एन.ए.चा बहुतेक भाग कामाचा आहे असे जो म्हणतो, त्याने कांद्याला पाचपट काम कोणते पडते, हे सांगितले पाहिजे. कांद्याची काही विशेष गरज कल्पावी, तर अॅलियम या त्याच्याच प्रजातीतील जातींमध्ये हे परिमाण सुमारे साडेचार पट बदलते. एका रानकांद्याची गरज दुसऱ्याच्या चौपट कशी?

मग ८० टक्के आले कोठून? एखाद्या तुकड्याचे आर.एन.ए.त रूपांतर झाले, किंवा त्यावर एखादे प्रथिन बसले, आणि हे तपासलेल्या १४७ पेशीप्रकारांपैकी एकात जरी आढळले, तरी तेथे ‘कार्य’ मानले गेले. बैलगाडीचे चाक करकरते. म्हणून करकरणे हे चाकाचे कार्य होत नाही. घटना आणि कार्य यांतील हा भेद पुसला की टक्के हवे तितके वाढविता येतात. आपल्या जनुकसंचाचा जवळजवळ निम्मा भाग स्वतःच्या प्रती काढून जागोजाग शिरणाऱ्या चल घटकांचा व त्यांच्या अवशेषांचा आहे, आणि हे अवशेषही करकरतातच.

‘अडगळ’ हा शब्द अज्ञानातून आला, असा आरोप वारंवार होतो. तो अन्यायाचा आहे. सुसुमु ओहनो यांनी १९७२ मध्ये केलेला युक्तिवाद उत्परिवर्तनांच्या भारावर उभा होता. सगळाच डी.एन.ए. महत्त्वाचा असता, तर प्रत्येक पिढीत होणाऱ्या बदलांचा घातक भार कोणत्याही जातीस पेलला नसता. शिवाय अडगळ म्हणजे कचरा नव्हे. कचरा आपण टाकतो. अडगळ माळ्यावर राहते आणि क्वचित उपयोगीही पडते.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र सबळ आहे. डी.एन.ए. वाढले की पेशीचे आकारमान वाढते, विभाजन मंदावते. सॅलॅमँडरांच्या अवाढव्य रक्तपेशी हे त्याचे उदाहरण. परंतु हा परिणाम राशीचा आहे, तिच्यातील अक्षरक्रमाचा नव्हे, आणि एन्कोडचा दावा तर विशिष्ट तुकड्यांविषयी होता. २०१४ मध्ये त्या प्रकल्पातील अभ्यासकांनीच पुष्कळ संयत भूमिका घेतली. त्याच वर्षी उत्क्रांतीने जपलेला भाग मोजणाऱ्या एका अभ्यासात तो ८.२ टक्के भरला.

आमच्या पक्षाकडेही एक दोष आहे. अमीबा दुबियाचे ६७० अब्ज जोड्यांचे उदाहरण आम्ही हौसेने देतो. ते मोजमाप १९६० च्या दशकातील, अख्ख्या पेशीवर ओबडधोबड पद्धतीने केलेले आहे. त्यात अमीबाने गिळलेल्या भक्ष्याचे डी.एन.ए.ही आलेले असू शकते. पुराव्यांतून ते वगळणेच इष्ट.