स्टिक्समधलं ग्लायसिन

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं धारोष्ण दूध पेल्यात येतं, तेव्हा त्यातलं अल्कलाइन फॉस्फॅटेज हे फॉस्फेट तोडणारं विकर कामाला तयार असतं. तेच दूध डेअरीत ७२ अंशांवर १५ सेकंद तापवलं की हे विकर निकामी होतं. पाश्चरीकरण नीट झालं का, हे यावरूनच तपासतात. दुधात पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट घालायचं. विकर शिल्लक असेल तर पिवळा रंग उमटतो. उष्णतेनं इथं प्रथिनाची घडीच विस्कटलेली असते. विस्कटलेल्या प्रथिनात वाचण्याजोगं फारसं उरत नाही.

स्टिक्स या प्रथिनाचं सौंदर्य इथं कळतं. ते फॉस्फॅटेजांच्या दुसऱ्या घराण्यातलं. तेही निष्क्रिय, पण घडी शाबूत.

या घराण्याची खूण ठरलेली: हिस्टिडीन, सिस्टीन, मग कोणतीही पाच अमिनो आम्लं, शेवटी आर्जिनिन. आर्जिनिन फॉस्फेटला धरून ठेवतं, सिस्टीनमधलं गंधक त्याच्यावर चाल करून जातं आणि बंध तुटतो. आता स्टिक्समधली ओळ सावकाश वाचा: हिस्टिडीन, ग्लायसिन, अ‍ॅस्पॅराजिन, अ‍ॅलनिन, ग्लायसिन, आयसोल्युसिन, सेरिन, आर्जिनिन. धरणारं आर्जिनिन आपल्या जागी आहे. तोडणारं गंधक तेवढं नाही. तिथं ग्लायसिन, सगळ्यांत लहान अमिनो आम्ल. म्हणजे पकड आहे, घाव नाही. मला ही ओळ अपुरी वाटत नाही, संयमी वाटते.

१९९५ साली विशार्ट, डिक्सन आणि सहकाऱ्यांनी १२० व्या जागेवरच्या त्या ग्लायसिनऐवजी सिस्टीन बसवलं, आणि स्टिक्स फॉस्फेट तोडू लागलं! एका उत्परिवर्तनानं. बाकी सगळी मांडणी आधीपासूनच तयार होती. या प्रयोगाइतकी नेमकी टीका मी क्वचितच वाचली आहे.

मग न तोडणाऱ्या प्रथिनाचा उपयोग काय? पेशीत स्टिक्स इतर प्रथिनांना धरून राहतं, त्यांच्या भेटीगाठी रोखतं. हे जनुक काढून टाकलेल्या नर उंदरांना पिल्लं होत नाहीत, हे २००२ साली दिसलं.

माणसातलं उदाहरण याहून बोलकं आहे. एमटीएमआर२ हे सक्रिय फॉस्फॅटेज, एमटीएमआर१३ हे त्याचं निष्क्रिय भावंड. दोघं एकमेकांना बिलगून काम करतात. सक्रियाच्या जनुकात बिघाड झाला तर शार्को-मारी-टूथ हा मज्जातंतूंचा आजार ४बी१ या प्रकारानं होतो. निष्क्रियाच्या जनुकात झाला तरी तोच आजार होतो, ४बी२ या प्रकारानं.