सांधा आणि सीमा : फंक्शनल भाषा व वेब-रचना

जॉन ह्यूज यांचा 'व्हाय फंक्शनल प्रोग्रॅमिंग मॅटर्स' हा निबंध १९८९ साली प्रसिद्ध झाला. फंक्शनल भाषांचे गुणवर्णन त्यापूर्वीही होत असे. परंतु ते बहुधा निषेधरूप असे. या भाषांत एकदा दिलेले मूल्य बदलत नाही, छुपे परिणाम घडत नाहीत, इत्यादी. केवळ निषेधांच्या यादीने भाषेचे सामर्थ्य सिद्ध होत नाही, हे ह्यूज यांनी नेमके ओळखले. सुताराला खुर्चीचे भाग सुटे घडविता येतात ते सांधण्याची सोय असते म्हणून. एरवी ती अखंड ओंडक्यातूनच कोरावी लागेल. फंक्शनल भाषा असे दोन सांधे पुरवितात : एक फंक्शन दुसऱ्याच्या हाती मूल्य म्हणून देणे, आणि मागणी होईपर्यंत गणन लांबणीवर टाकणे. हा त्यांचा सिद्धांत होय.

वेब-रचनेच्या कसोटीवर तो कितपत उतरतो? एल्म आणि एर्लांग या दोन भाषा विचारार्थ घेऊ. पहिला सांधा दोहोंनी स्वीकारला. दुसरा दोहोंनीही आपल्या रचनेचा पाया मानला नाही. मग त्यांतील रचना सुट्या घटकांनी वाढते ती कशाच्या बळावर?

एव्हन चॅप्लिकी यांच्या २०१२ च्या प्रबंधातून पुढे आलेली एल्म ब्राउझरसाठी आहे. शाब्दबोधाच्या परंपरेत 'विस्तवाने शिंपतो' हे वाक्य व्याकरणशुद्ध असूनही योग्यतेच्या अभावी अमान्य ठरते. एल्मचा कंपायलर अशी वाक्ये आज्ञावली चालण्यापूर्वीच अडवितो. मात्र घटक जितका खोल, तितकी त्याच्या संदेशाला वरच्या थरांची वेष्टने अधिक. रचना निर्दोष राहते, पण पाल्हाळीक होते.

एरिक्सन कंपनीत १९८६ च्या सुमारास टेलिफोन केंद्रांसाठी जन्मलेली एर्लांग योग्यतेची अशी सक्तीची पूर्वपरीक्षा घेत नाही. तिच्या प्रक्रिया स्मृती वाटून घेत नाहीत, केवळ संदेश पाठवितात. एक कोसळली तर देखरेख करणारी दुसरी तिला नव्याने उभी करते. याच पायावर एलिक्सर भाषेत उभारलेल्या फीनिक्सने २०१५ च्या एका चाचणीत एकाच सर्व्हरवर २० लाख जोडण्या सांभाळल्या. वस्तुतः संदेश पाठविणे हा उघड परिणाम आहे. काटेकोर अर्थाने ती अशुद्धताच होय.

तेव्हा ह्यूज यांचे प्रतिपादन खोटे नाही, अपुरे आहे. भाग कसे जुळावेत याइतकेच एकाचे दुसऱ्यात काय शिरू नये हेही महत्त्वाचे असते. ही सीमा एल्म प्रकारांनी आखते, एर्लांग प्रक्रियांनी. ह्यूज यांनी गौण लेखलेले निषेधच येथे विधायक ठरले आहेत. संधीचे नियम सांगणाऱ्या पाणिनीलाही द्विवचनी रूपांच्या अंती येणाऱ्या ई, ऊ, ए यांना प्रगृह्य संज्ञा देऊन त्यांचा संधी रोखावा लागला, हे व्याकरणाच्या अभ्यासकांस सांगावयास नको.