‘नको’ या क्रियापदाचे स्थान : संगणकीय अद्ययावतीकरणाच्या भाषेची चिकित्सा

मराठीत नकारदर्शक क्रियापदांचे एक लहानसे पण स्वयंपूर्ण कुल आहे : नाही, नव्हे, नये, नको आणि आता बहुधा जुन्या ग्रंथांतच भेटणारे नलगे. परंपरागत व्याकरणात त्यांची गणना अनियमित अथवा गौण क्रियापदांत होते. परंतु त्यांचे कार्य गौण आहे असे म्हणता येत नाही. ‘नाही’ हे वस्तुस्थितीचा निषेध करते, ‘नव्हे’ तादात्म्याचा, ‘नये’ औचित्याचा. ‘नको’ मात्र इच्छेचा निषेध करते. ‘चहा नाही’ हे वाक्य स्वयंपाकघराविषयी काही सांगते. ‘चहा नको’ हे वाक्य पाहुण्याविषयी. हिंदीला हा अर्थ ‘नहीं चाहिए’ असा दोन शब्दांत मांडावा लागतो. कन्नडातील ‘बेड’, तेलुगूतील ‘वद्दु’ व तमिळातील ‘वेण्डाम्’ ही रूपे मात्र मराठीप्रमाणेच एका शब्दात नकार देतात आणि दखनी बोलीने तर ‘नक्को’ हा शब्द मराठीपासून सरळ उचलला आहे. दक्षिणेकडील भाषांना जी वस्तू इतकी आवश्यक वाटली, तिचे एका नव्या व्यवहारक्षेत्रात काय झाले आहे हे पाहण्यासारखे आहे.

हे क्षेत्र म्हणजे संगणक व भ्रमणध्वनी यांवर वारंवार येणारे अपडेट. त्यांच्यासोबत वापरणाऱ्याने न मागितलेल्या आणि त्याला काढून टाकता न येणाऱ्या सोयी येतात, ही तक्रार आता सार्वत्रिक आहे. तिची संभावना बहुधा दोन प्रकारे केली जाते. एक तर तिला तांत्रिक बाब समजून अभियंत्यांकडे सोपविले जाते. नाही तर नव्याला नाके मुरडण्याच्या मनुष्यस्वभावात तिची वासलात लावली जाते. दोन्ही रीती अपुऱ्या आहेत. यंत्र व मनुष्य यांच्यामधील हा व्यवहार वाक्यांनी चालतो. यंत्र विचारते, मनुष्य उत्तर देतो, आणि ते उत्तर त्याला यंत्राने पुढे केलेल्या शब्दांतूनच निवडावे लागते. तेव्हा कोणते शब्द पुढे केले जातात व कोणते मागे ठेवले जातात, हा प्रश्न मूलतः भाषेचा आहे.

एक नित्याचा नमुना घ्यावा. पडद्यावर नव्या सोयीची वार्ता येते. खाली दोन कळी असतात. एकीवर स्वीकाराचा शब्द असतो, दुसरीवर ‘आता नाही’ किंवा नुसतेच ‘नंतर’. ‘आता नाही’ यातील नकार कालवाचक क्रियाविशेषणाने मर्यादित झालेला आहे. निषेध होतो तो ‘आता’चा, मूळ क्रियेचा नव्हे. उलट ती क्रिया केव्हातरी व्हावयाचीच आहे, असे गृहीत या उत्तरातच दडलेले असते. म्हणून ही कळ दाबणारा मनुष्य नकार देत नसून मुदत मागत असतो. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ साली ग्रंथरूप झालेल्या व्याख्यानांत दाखविले आहे की, वचन देणे, पैज लावणे, नाव ठेवणे अशा कृती शब्दांनीच घडतात. मात्र तशी कृती घडविणारा सर्वमान्य संकेत अस्तित्वात असावा लागतो. संकेतच नसेल तर उच्चार वाया जातो. नकार देणे हीही अशीच कृती आहे. येथे तो संकेतच पुरविलेला नाही. त्यामुळे वापरणारा कितीही वेळा ‘नंतर’ म्हणाला तरी त्याने नाकारले असे होत नाही. दोन आठवड्यांनी तीच वार्ता पुन्हा त्याच्यापुढे उभी राहते आणि यंत्राच्या दृष्टीने त्यात उद्धटपणा काहीच नसतो, कारण त्याला ‘नको’ असे कोणी म्हटलेलेच नसते.

संकेत न पुरविणे ही एक पायरी झाली. असलेला संकेत उलटा करणे ही त्यापुढील. २०१६ च्या मे महिन्यात विंडोज १० कडे नेणाऱ्या सूचनेच्या बाबतीत असे दिसून आले की, चौकटीच्या कोपऱ्यातील फुलीवर टिचकी मारून ती बंद केली तरी ठरलेले स्थित्यंतर रद्द होत नव्हते. सूचना मिटली, म्हणजे ती मान्य झाली, असे धरले जात होते. ही फुली कित्येक वर्षे ‘बंद’ एवढाच अर्थ वाहत आली होती. चिन्ह व अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असला तरी एका व्यक्तीच्या मर्जीने तो बदलता येत नाही, हे सोस्यूरने विस्ताराने सांगितले आहे. येथे एका कंपनीने तो बदलून पाहिला. ‘मौनं संमतिलक्षणम्’ या उक्तीत मौनाला तरी संमती म्हटले आहे. उठून दार लावून घेणाऱ्याची संमती गृहीत धरण्यापर्यंत ती उक्तीही जात नाही.

आता या सूचनांच्या मराठी शब्दकळेकडे वळावे. ‘अद्ययावत’ हा शब्द अर्थाने प्रामाणिक आहे. अद्य म्हणजे आज व यावत् म्हणजे पर्यंत; आजपर्यंत आणलेले, एवढेच तो सांगतो. आजचे ते कालच्याहून चांगले, असा दावा त्यात नाही. तो दावा ‘सुधारणा’ या शब्दातून आत येतो. या शब्दाला महाराष्ट्रात मोठा इतिहास आहे. आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढले तेव्हापासून, किंबहुना त्याही आधीपासून, सुधारणा आतून व्हावी की कायद्याने बाहेरून यावी हा येथील वादाचा मुख्य मुद्दा होता. त्या वादातील पक्षांची आजच्या विषयाशी तुलना करणे अप्रस्तुत ठरेल. परंतु ज्या शब्दाभोवती एका पिढीने इतके रण माजविले, तो आता कळफलकावरील एखाद्या नव्या बटणासाठी निर्वेधपणे वापरला जातो, एवढे नमूद करण्याजोगे आहे.

वाक्यरचना याहून बोलकी आहे. ‘आपले उपकरण अद्ययावत करण्यात आले आहे.’ ही ‘करण्यात आले आहे’ची रचना कचेरीच्या मराठीतून सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्यात कर्ता नसतो. बदली करण्यात येते, अर्ज नामंजूर करण्यात येतो. कोणी केला हे वाक्याला विचारता येत नाही. आणि ‘आपले’ या सर्वनामाची गोष्ट तर केवळ मराठीच सांगू शकेल. ‘आपला’ हे आदरार्थी द्वितीय पुरुषाचे रूप आहे, तसेच ते बोलणारा व ऐकणारा या दोघांना सामावून घेणाऱ्या प्रथम पुरुषाचेही आहे. ‘आपले घर’ म्हणजे तुमचे घर, किंवा तुमचे-आमचे घर. इंग्रजी मूळ वाक्यातील सर्वनामाला ही संदिग्धता माहीत नाही. मराठी भाषांतरकाराने सौजन्यापोटी ‘आपले’ योजिले आणि त्यामुळे मूळ इंग्रजी वाक्यापेक्षा मराठी वाक्यच वस्तुस्थितीच्या अधिक जवळ गेले. दाम मोजून घेतलेला भ्रमणध्वनी कोणाचा, या प्रश्नाचे आजचे खरे उत्तर ‘आपला’ असेच आहे.

काढता न येणारी सोय ही मूळ वस्तूचा भाग मानावयाची की तिला चिकटविलेली निराळी वस्तू, हा यातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. त्याचा ऊहापोह अमेरिकेतील न्यायालयात झाला आहे. १९९८ साली अमेरिकन सरकारने मायक्रोसॉफ्टविरुद्ध दाखल केलेल्या खटल्यात कंपनीचे म्हणणे असे होते की, इंटरनेट एक्सप्लोरर हा विंडोजचा एकात्म घटक आहे. तो निराळा काढता येईल अशी वस्तूच नव्हे. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा वाद ओळखीचा वाटेल. एखादे रूप मुक्त पदिम आहे की बद्ध, हे ठरविण्याची कसोटी अशीच आहे : ते स्वतंत्र वावरू शकते काय, आणि ते काढून घेतल्यास उरलेले रूप टिकते काय? ‘घरात’मधील ‘त’ काढला तर ‘घरा’ हे सामान्यरूप उरते व ते एकटे चालू शकत नाही. ‘घरजावई’मधून ‘घर’ काढले तर जावई सुखाने नांदतो. विंडोज ९५ मध्ये एक्सप्लोरर काढून टाकण्याची सोय होती. विंडोज ९८ मध्ये प्रोग्रॅम काढावयाच्या यादीतून त्याचे नाव वगळण्यात आले. म्हणजे जो शब्द काल मुक्त होता तो आज प्रत्यय झाल्याचे घोषित झाले. प्रिन्स्टन विद्यापीठाचे एडवर्ड फेल्टन यांनी विंडोजमधून त्या न्याहाळकाचे अस्तित्व दूर करणारा प्रोग्रॅमच न्यायालयापुढे सादर केला. पदविश्लेषणाचे इतके चोख प्रात्यक्षिक एरवी पाहावयास मिळत नाही. जून २००१ मध्ये अपील न्यायालयाने खालच्या न्यायालयाच्या निर्णयाचा काही भाग रद्द केला, परंतु यादीतून नाव वगळणे हे प्रतिस्पर्ध्यांना दूर ठेवणारे कृत्य होय, हा निष्कर्ष कायम ठेवला. भाषेत शब्दाचा प्रत्यय होण्यास शतके लागतात, आणि तो बोलणाऱ्यांच्या तोंडी झिजून होतो. येथे तो आदेशाने झाला होता.

याच सुमाराची दुसरी स्मृती त्या मानाने निरुपद्रवी आहे. ऑफिस ९७ मधील कागदाच्या टाचणीचे ते बोलके चित्र, पत्राचा मायना लिहिताच मदतीस धावून येणारे, २००१ च्या आवृत्तीत आपोआप दिसेनासे झाले व २००७ च्या आवृत्तीतून गेले. सप्टेंबर २०१४ मध्ये अॅपलने यू-टू या वाद्यवृंदाचा नवा गीतसंग्रह सुमारे पन्नास कोटी खात्यांत विनामूल्य घातला आणि आठवड्याच्या आतच तो काढून टाकण्याचे एक खास साधन लोकांना द्यावे लागले. फुकट मिळालेल्या वस्तूवर लोक इतके का रागावले, याचे त्या वेळी पुष्कळांना नवल वाटले होते. दान घेण्याचीही एक क्रिया असते व तिचा कर्ता घेणारा असतो, ही साधी गोष्ट त्यात दृष्टीआड झाली होती.

अलीकडील उदाहरणांत शब्दांची कसरत वाढलेली आहे. व्हॉट्सअॅपमध्ये मेटा कंपनीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचे निळे वर्तुळ आले. ते काढता येत नाही. त्याविषयी २०२५ साली विचारणा झाली तेव्हा ही सोय सर्वस्वी ऐच्छिक आहे असे उत्तर मिळाले. ‘ऐच्छिक’ हे विशेषण येथे कोणत्या विशेष्याला लागले आहे हे पाहावे. वर्तुळाला स्पर्श करणे ऐच्छिक आहे. वर्तुळ असणे ऐच्छिक नाही. वापराचे विशेषण वस्तूला लावल्याने वाक्य खोटे ठरत नाही, पण विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तरही ठरत नाही. जुलै २०२५ मध्ये इटलीच्या स्पर्धा-नियामकाने याच एकत्रीकरणाची चौकशी आरंभिली. ऑस्ट्रेलियातील ग्राहक-आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. आरोप असा की, कोपायलट व वाढीव किंमत स्वीकारा अथवा वर्गणी बंद करा, एवढेच दोन पर्याय सुमारे २७ लाख वर्गणीदारांना कळविण्यात आले, आणि कोपायलटविरहित जुन्या योजनेचा तिसरा पर्याय वर्गणी रद्द करू लागल्यावाचून दिसत नव्हता. पुढे कंपनीने तेथील ग्राहकांची क्षमा मागितली.

या सर्वांवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. वापरणाऱ्याला प्रत्येक बदल नाकारू दिला तर सुरक्षिततेची दुरुस्तीही तो नाकारील. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभर हाहाकार केला व ब्रिटनमधील रुग्णालयांचे काम थांबविले, तेव्हा ज्या छिद्रातून ते शिरले ते बुजविणारी दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध होती, ती ज्यांनी घेतली नव्हती त्यांना तडाखा बसला. हे मान्यच केले पाहिजे. परंतु या आक्षेपाने सिद्ध होते ते एवढेच की, दुरुस्ती सक्तीची असावी. दुरुस्ती व नवी सोय एकाच गाठोड्यात बांधल्यामुळे पहिलीसाठी असलेली सक्ती दुसरीला आयती मिळते. गव्हाबरोबर किडे रगडले जातात या म्हणीचीच ही रीत, फक्त येथे गिरणीवालाच किडे मिसळतो. त्याचा परिणामही उलटाच होतो. नको असलेली सोय टाळण्यासाठी लोक अपडेटच थांबवून ठेवतात आणि ज्या दुरुस्तीच्या नावाने सक्ती केली तीच त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. गाठोडे सोडण्यात तांत्रिक अडचण मुळीच नाही असे नव्हे. पण ती न सोडण्यात व्यापारी लाभ आहे, हे अधिक स्पष्ट आहे.

कायद्याची भाषा आता या प्रश्नाकडे वळली आहे. युरोपीय संघाचा डिजिटल बाजारांविषयीचा कायदा मोठ्या कंपन्यांना मार्च २०२४ पासून लागू झाला. त्यानुसार आधीपासून बसविलेले अॅप सहज काढून टाकता आले पाहिजे. अपवाद फक्त प्रणालीच्या कार्याला अत्यावश्यक असून तांत्रिक दृष्ट्या स्वतंत्रपणे देता न येणाऱ्यांचा. मुक्त व बद्ध पदिमांचा वाद असा अपवादाच्या कलमात पुन्हा येऊन बसला आहे. भारतात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. काढता न येणारी अॅप्स सक्तीने बसविणे हा त्यातील एक दोष होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, मात्र अशी अॅप्स काढू देण्याविषयीचा निर्देश रद्द केला. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दूरसंचार विभागाने ‘संचार साथी’ हे सरकारी अॅप नव्या भ्रमणध्वनींत बसविण्याचा व आधीच तयार असलेल्यांत अपडेटद्वारे पोहोचविण्याचा आदेश काढला. त्याची कार्ये निष्क्रिय वा मर्यादित केली जाऊ नयेत असे आदेशात होते. ते काढून टाकता येईल असे मंत्र्यांनी मागाहून सांगितले. आदेशाचे शब्द व हे स्पष्टीकरण एकत्र वाचणे कठीणच होते. ३ डिसेंबर रोजी सक्ती मागे घेण्यात आली.

मराठी रूपांतर करणाऱ्यांकडे या बाबतीत बोट दाखविणे न्याय्य होणार नाही. ‘आता नाही’पेक्षा ‘नको’ हा शब्द लहान आहे, लहान पडद्यावर नीट बसणारा आहे आणि साताऱ्यापासून पणजीपर्यंत कोणालाही कळणारा आहे. कोकणीत तोच ‘नाका’ होतो. रूपांतरकाराने तो कळीवर लिहिलाही असता. पण ती कळ दाबल्यावर मागे जे घडते त्याला ‘नको’ म्हणता येत नाही, म्हणून त्याला ‘आता नाही’ असेच लिहावे लागते.