सेमीफायनल जिंकल्यावर लोक इतकं संथ गाणं का गातात?

माझ्या फोनमध्ये दीड मिनिटाचा एक व्हिडिओ आहे. गेल्या काही वर्षांत तीन फोन बदलले, पण तो दर वेळी नव्या फोनमध्ये आलाच. ७ मे २०१९ ची रात्र, लिव्हरपूलचं अ‍ॅनफील्ड मैदान. चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलचा दुसरा सामना नुकताच संपलाय. लिव्हरपूलचे खेळाडू, राखीव खेळाडू, प्रशिक्षक आणि बाकीचा स्टाफ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून एका ओळीत उभे आहेत. समोर कॉप नावाचा स्टँड आहे. डोक्याला मार लागल्यामुळे मोहम्मद सलाह खेळलाच नव्हता. तो 'नेव्हर गिव्ह अप' लिहिलेला काळा टी-शर्ट घालून मैदानात आलाय. आणि अख्खं मैदान गातंय.

मला या व्हिडिओची समीक्षा करायची आहे, पुस्तकाची किंवा नाटकाची करतात तशी. पन्नासेक हजार माणसं मिळून जो जल्लोष करतात, तीही एक रचनाच असते. तिला सुरुवात-शेवट असतो, ठरलेले शब्द असतात आणि प्रत्येक रचनेत असतो तसा गाळलेला मजकूरही असतो.

ज्यांनी तो सामना पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आठवडाभर आधी, १ मे रोजी, बार्सिलोनाने आपल्या मैदानावर लिव्हरपूलला ३-० ने हरवलं होतं. त्यातले दोन गोल मेस्सीचे. दुसऱ्या सामन्यात सलाह नाही, फर्मिनोही नाही. फायनलला जायचं तर समोर मेस्सी असताना चार गोलांच्या फरकाने जिंकायचं होतं. लिव्हरपूलने नेमके चार केले. सातव्या मिनिटाला ओरिगी. मध्यंतरानंतर बदली म्हणून आलेल्या वाइनाल्डमने दोन मिनिटांत दोन. मग ७९ व्या मिनिटाला ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड कॉर्नरपासून दूर चालल्यासारखा निघाला, पटकन वळला आणि बार्सिलोनाचे बचावपटू भानावर यायच्या आत चेंडू ओरिगीकडे पोचला. ४-०, एकूण ४-३.

आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. संध्याकाळी आयपीएलमध्ये मुंबईने चेन्नईला त्यांच्याच घरी हरवलं होतं, त्यामुळे पुण्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये रात्री उशिरापर्यंत आरडाओरडा चालू होता. पण साडेबाराला हा सामना सुरू झाला तेव्हा जागा असलेला बहुधा मी एकटाच. चौथ्या गोलला मी उशी तोंडावर दाबून ओरडलो. कानात हेडफोन, समोर लॅपटॉप, आणि हजारो मैलांवरचं ते मैदान मला सांगत होतं की तू एकटा नाहीस.

आता गाण्याकडे येऊ. आपल्या ओळखीची विजयाची गाणी आठवून पाहा. ढोल, ताशा, डीजे, काहीही असो, त्यात वेग असतो आणि समोरच्याला चिडवणं असतं. लिव्हरपूलचं 'यूल नेव्हर वॉक अलोन' संथ आहे. त्यात फुटबॉल नाही, क्लबचं नाव नाही, प्रतिस्पर्धी नाही, जिंकणं तर अजिबातच नाही. बार्सिलोनासारख्या संघाला चार गोलांनी उडवल्यावर लोक हे का गातात? हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलाच नव्हता, कारण व्हिडिओ पाहताना अंगावर काटा येत होता आणि काटा आला की माणूस प्रश्न विचारत नाही.

हे गाणं मुळात मैदानातलं नाही, रंगभूमीवरचं आहे. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या अमेरिकन जोडीच्या १९४५ सालच्या 'कॅरोसेल' या संगीत नाटकातलं, आणि ते नाटक बेतलेलं आहे हंगेरियन लेखक फेरेन्त्स मोल्नार यांच्या 'लिलिओम'वर. नाटकात नायक मरतो. मागे राहते त्याची गरोदर बायको, आणि तिला धीर देण्यासाठी हे गाणं गायलं जातं. १९६३ मध्ये लिव्हरपूलच्याच गेरी अँड द पेसमेकर्स या बँडने ते नव्याने गायलं, ते इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं आणि कॉपने उचललं. म्हणजे अ‍ॅनफील्डवरच्या प्रत्येक विजयात जे घुमतं ते एका विधवेचं सांत्वन आहे.

बरं, कॉप हे नाव तरी कुठून आलं? दक्षिण आफ्रिकेतल्या स्पिऑन कॉप या टेकडीवरून. बोअर युद्धात, जानेवारी १९०० मध्ये, या टेकडीसाठी झालेल्या लढाईत ब्रिटिश हरले. मेलेल्या सैनिकांत लँकशरच्या पलटणींतले पुष्कळ होते. जखमींना स्ट्रेचरवरून वाहून नेणाऱ्या भारतीय स्वयंसेवकांच्या तुकडीत गांधीजी होते. सहाएक वर्षांनी लिव्हरपूलने प्रेक्षकांसाठी मातीचा उंच उतार बांधला, तेव्हा त्याला त्या टेकडीचं नाव मिळालं. म्हणजे गाणं मृत्यूनंतरचं आणि ते गाणाऱ्या स्टँडचं नाव एका हरलेल्या लढाईचं. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध विजयोत्सवांपैकी एक असा पराभवाच्या सामानातून उभा राहिलाय.

आणि मग हिल्सबरो. १५ एप्रिल १९८९, शेफील्ड. तोही सेमीफायनलच होता, एफए कपचा, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. आधीच भरलेल्या, जाळीने बंद केलेल्या कप्प्यांत आणखी माणसं जाऊ दिली गेली. तीन वाजता सुरू झालेला सामना सहा मिनिटांत थांबला. त्या चेंगराचेंगरीत जे गेले त्यांचा आकडा २०१९ मध्ये ९६ होता. तेव्हाच्या जखमांमुळे २०२१ मध्ये आणखी एक जण गेला आणि तो ९७ झाला. काही दिवसांतच 'द सन' या वृत्तपत्राने पहिल्या पानावर दोष समर्थकांच्याच माथी मारला. ते पत्र लिव्हरपूलमध्ये बरेच लोक आजही विकत घेत नाहीत. समर्थकांचा दोष नव्हता हे स्वतंत्र समितीच्या अहवालातून मान्य व्हायला २०१२ उजाडलं. हे मृत्यू बेकायदेशीरपणे घडवले गेले, हा ज्यूरीचा निर्णय २०१६ चा.

बार्सिलोनाविरुद्धच्या त्या रात्रीच्या महिनाभर आधी, एप्रिल २०१९ मध्ये, त्या दिवशीच्या पोलीस बंदोबस्ताच्या प्रमुखावरच्या खटल्यात ज्यूरीचं एकमत झालं नव्हतं. पुढे नोव्हेंबरमध्ये फेरखटल्यात तो निर्दोष सुटला. म्हणजे ७ मे रोजी कॉपमध्ये गाणाऱ्यांपैकी काही जण तीस वर्षांनंतरही निकालाची वाट पाहत होते. हे कळल्यावर माझा व्हिडिओ बदलला. चित्र तेच होतं, पण आवाज वेगळा ऐकू यायला लागला. वारीत जो अभंग नाचत गातात तोच वारकऱ्याच्या अंत्ययात्रेतही टाळ-मृदंगावर गातात, आणि त्यामुळे त्यातला आनंद कमी होत नाही, उलट विश्वासार्ह होतो. हे गाणं तसंच आहे. हरल्यावरही गाता येतं म्हणून जिंकल्यावर ते फुशारकीचं वाटत नाही.

इथे थांबलो असतो तर हा एका चाहत्याचा भावुक लेख झाला असता. मी थांबायला तयारही होतो.

पण इंजिनिअरिंगच्या दिवसांतला माझा एक रूममेट युव्हेंटसचा चाहता आहे. एका ७ मे रोजी मी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नेहमीप्रमाणे हा व्हिडिओ टाकला, खाली 'हे गाणं कुणालाच एकटं सोडत नाही' वगैरे लिहिलं. त्याचं उत्तर फक्त एक आकडा होता: ३९.

मला तो शोधावा लागला, यातच सगळं आलं. २९ मे १९८५, ब्रसेल्सचं हेसेल मैदान, युरोपियन कपची फायनल, लिव्हरपूल विरुद्ध युव्हेंटस. सामन्याआधी लिव्हरपूलचे समर्थक मधलं तकलादू कुंपण तोडून बाजूच्या प्रेक्षकांवर धावून गेले. पळणारे लोक भिंतीशी चेंगरले, भिंत कोसळली. ३९ माणसं गेली, त्यातली ३२ इटालियन. मैदान मोडकळीला आलेलं होतं, बंदोबस्त ढिसाळ होता, हे खरं. पण धावून जाणारे आपलेच होते. पुढे लिव्हरपूलच्या चौदा समर्थकांना बेल्जियममध्ये शिक्षा झाली आणि इंग्लिश क्लबांवर युरोपात पाच वर्षं बंदी आली, लिव्हरपूलवर सहा.

माझी पहिली लिव्हरपूल जर्सी फॅशन स्ट्रीटवरची होती, अर्थातच कॉपी. तिच्यावरही मानेमागे दोन ज्योती आणि मध्ये ९६ छापलेलं होतं. मला वाटायचं, हा काहीतरी मॉडेल नंबर असेल. म्हणजे शोकाचा एक आकडा कापडावरून पुण्यापर्यंत पोचला. दुसरा कुठल्याच जर्सीवर नाही. अ‍ॅनफील्डवर हेसेलचा स्मृतिफलक आहे, क्लबने ती घटना नाकारलेली नाही. पण जो इतिहास आपण गातो, छापतो, शेअर करतो, त्यात आपल्यावर झालेला अन्याय आहे, आपण केलेला नाही.

हीच माझी या व्हिडिओबद्दलची तक्रार आहे. 'अ‍ॅनफील्डची युरोपियन रात्र' या गोष्टीत २००५ चं इस्तंबूल हटकून येतं: फायनलमध्ये मिलानविरुद्ध ०-३ वरून बरोबरी आणि पेनल्टीवर विजय. त्याच मोसमात, एप्रिलमध्ये, हेसेलनंतर पहिल्यांदा युव्हेंटस अ‍ॅनफील्डवर आला होता. कॉपने हजारो कार्डं वर धरून एक इटालियन शब्द लिहिला, 'अमिचित्सिया', म्हणजे मैत्री. पाहुण्यांपैकी काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींनी पाठ फिरवली. माझ्या मते तो कॉपने केलेल्या सगळ्यांत अवघड गोष्टींपैकी एक होता, कारण त्यात नकार ऐकायची तयारी होती. पण त्या फिरवलेल्या पाठींचा व्हिडिओ कुणी दर वर्षी टाकत नाही. मीही टाकला नाही.

कुणी म्हणेल, एका रात्रीच्या आनंदावर इतकं ओझं कशाला? चार गोल झाले, लोक नाचले, गायले, संपलं. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. ओरिगीच्या गोलनंतर शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारणाऱ्याने आधी इतिहासाचा पेपर द्यावा असं मी म्हणत नाही. पण गाण्याने स्वतःच मोठं वचन दिलंय: कुणीही एकटं नसेल. हे वचन फक्त लाल जर्सीवाल्यांपुरतं असेल तर ती टोळीची घोषणा झाली. त्याच सेमीफायनलच्या आठवड्यात बार्सिलोनाच्या एका चौकात लिव्हरपूलच्या समर्थकांनी अनोळखी माणसांना कारंज्यात ढकलल्याचे व्हिडिओ फिरले होते आणि क्लबला निषेध करावा लागला होता. लाल जर्सी तीच आणि गाणंही तेच. गाण्याने माणसं आपोआप चांगली होत नाहीत.

आमच्यासारख्या लांबच्या चाहत्यांची गोष्ट आणखी वेगळी. आम्ही 'आपण जिंकलो' म्हणतो. अ‍ॅनफील्डची पायरी मी चढलेलो नाही, त्या शहराचा पाऊस पाहिलेला नाही, तरी 'आपण' म्हणतो. त्यात खोटं काही नाही, प्रेम असं लांबूनही होतं. पण १९८९ चं दुःख 'आपलं' म्हणून घ्यायचं आणि १९८५ आलं की 'ते तिथले जुने गुंड' म्हणायचं, हे चालणार नाही. 'आपण' हा शब्द घ्यायचा तर पूर्ण घ्यावा लागतो.

मग हा जल्लोष रचना म्हणून कसा आहे? माझं मत विचाराल तर उत्तम आहे, अजूनही. क्लॉपच्या संघाने त्या रात्री जे केलं त्याला 'चमत्कार' म्हणणं मला आळशीपणा वाटतो. पहिल्या हाफमध्ये अलिसनने मेस्सी, कुटिन्यो यांचे फटके अडवले नसते तर कुणी गायलंच नसतं. पण शिट्टी वाजल्यावर ट्रॉफी नसताना, फायनल बाकी असताना, संपूर्ण संघाने लोकांकडे तोंड करून उभं राहणं आणि लोकांनी एक संथ, दुखरं गाणं निवडणं, याच्या जवळ जाईल असं काही मी खेळात फार पाहिलेलं नाही. १ जून रोजी माद्रिदमध्ये टॉटनहॅमला २-० हरवून त्यांनी कप जिंकला. त्या रात्रीचा एकही व्हिडिओ माझ्या फोनमध्ये नाही.

रूममेटच्या त्या '३९'ला मी तेव्हा उत्तर दिलं नव्हतं. थोडा राग आला होता, थोडी लाज वाटली होती, आणि मग ग्रुपवर कुणीतरी लग्नाचे फोटो टाकले. हा लेख आला की त्याची लिंक त्याला पाठवणार आहे. तो अजून युव्हेंटसचाच आहे, त्यामुळे काहीतरी खवचट ऐकून घ्यावं लागेल. ऐकून घेईन.