पेटंट तपासणीचा ‘महामार्ग’ : गती आणि निर्णयस्वातंत्र्य यांची चिकित्सा

पेटंट हा मूलतः प्रादेशिक स्वरूपाचा हक्क आहे. जपानमध्ये मिळालेले पेटंट भारतात लागू होत नाही. त्यामुळे एकाच शोधासाठी अर्जदाराला देशोदेशी अर्ज करावे लागतात आणि प्रत्येक कार्यालयातील परीक्षक तेच वर्णन, तेच दावे व बहुधा तेच पूर्वज्ञान नव्याने तपासतात. या पुनरावृत्तीमुळे साचणारे अर्जांचे ढीग हे पेटंट कार्यालयांचे जुने दुखणे आहे. १९७० च्या पेटंट सहकार्य कराराने (भारत त्यात डिसेंबर १९९८ पासून सहभागी आहे) पूर्वज्ञानाच्या सामाईक अहवालाची सोय केली. परंतु पेटंट द्यावे की नाही हा निर्णय राष्ट्रीय कार्यालयांकडेच राहिला. पुढे जपान व अमेरिका यांच्या कार्यालयांनी जुलै २००६ मध्ये ‘पेटंट प्रॉसिक्यूशन हायवे’ ही व्यवस्था प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिला ‘ग्लोबल पीपीएच’ हे बहुपक्षीय रूप मिळाले. प्रस्तुत लेखात या व्यवस्थेच्या मूळ गृहीतकाची चिकित्सा केली आहे.

व्यवस्थेची रचना साधी आहे. एका कार्यालयाने अर्जातील किमान एक दावा मंजुरीयोग्य ठरविला की, त्याच शोधाचा दुसऱ्या कार्यालयातील अर्ज अर्जदाराच्या विनंतीवरून रांगेत पुढे घेतला जातो. अट एवढीच की, दुसरीकडील दावे मंजूर दाव्यांशी पुरेसे जुळणारे असावेत. २०११ मध्ये या व्यवस्थेच्या सुधारित रूपाला जपानी कार्यालयाने ‘मोत्ताइनाई’ हे नाव दिले. चांगली वस्तू वाया गेल्याची हळहळ या शब्दातून व्यक्त होते. एका परीक्षकाचे श्रम दुसऱ्याने वाया घालवू नयेत, हा त्यामागील विचार कोणालाही पटण्यासारखा आहे. पेटंटची वीस वर्षांची मुदत अर्जाच्या तारखेपासून मोजली जात असल्याने विलंबाची झळ संशोधकालाच बसते, हेही नाकारता येत नाही.

तथापि, ‘श्रमांची वाटणी’ या शब्दप्रयोगात दोन भिन्न गोष्टी एकत्र केल्या जातात. पूर्वज्ञानाचा तपास हे वस्तुस्थितीचे काम असून ते वाटून घेता येते. त्या पूर्वज्ञानाच्या पार्श्वभूमीवर प्रस्तुत शोध पेटंटला पात्र आहे काय, हा मात्र त्या त्या देशाच्या कायद्याचा प्रश्न होय.

वस्तुस्थितीचा तपासही सर्वत्र सारखा होत नाही. जखम भरून काढण्यासाठी हळदीचा वापर या ‘शोधा’ला अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) त्यास आव्हान दिल्यानंतर १९९७ मध्ये ते रद्द झाले. परीक्षक निष्काळजी होता असे म्हणण्याचे कारण नाही. घरोघरी ठाऊक असलेले हे ज्ञान त्याच्यासमोरील साधनांत नव्हते. असा निर्णय महामार्गावरून पुढील कार्यालयाकडे गेला, तर त्याबरोबर उणीवही जाते. भारताने उभारलेले पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय युरोपीय पेटंट कार्यालयाच्या परीक्षकांना २००९ पासून खुले झाले. श्रमांची खरी वाटणी ती हीच, परंतु सहकार्याच्या चर्चेत तिचा उल्लेख क्वचितच आढळतो.

निर्णयाच्या वाटणीतील धोका इमॅटिनिब मेसिलेट या कर्करोगावरील औषधाच्या प्रकरणात स्पष्ट दिसतो. या द्रव्याच्या बीटा स्फटिकरूपाला अमेरिकेत २००५ मध्ये पेटंट मिळाले. भारतात त्याच रूपासाठी नोव्हार्टिसने केलेल्या अर्जाला मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनसह अनेकांनी विरोध केला. चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने जानेवारी २००६ मध्ये तो अर्ज नाकारला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही कलम ३(डी) च्या आधारे कंपनीचे अपील फेटाळले. ज्ञात द्रव्याचे नवे रूप परिणामकारकतेत सरस असले पाहिजे, ही कसोटी अमेरिकेच्या कायद्यात नाही. तेथील मंजुरी भारतीय परीक्षकाच्या मेजावर आधीच ठेवलेली असती, तर ती कायद्याने बंधनकारक नसली तरी निष्प्रभ राहिली असती असे मानणे कठीण आहे. पीटर ड्राहोस यांनी ‘द ग्लोबल गव्हर्नन्स ऑफ नॉलेज’ (२०१०) या ग्रंथात मोठ्या कार्यालयांच्या निर्णयांवर लहान कार्यालये कसा तांत्रिक विश्वास टाकू लागतात, हे दाखविले आहे. सक्ती न करताही हा विश्वास आपले काम करतो.

शिवाय, कार्यालयाला लागणारा वेळ हा केवळ अपव्यय नसतो. भारतीय कायद्याच्या कलम २५(१) नुसार अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कोणतीही व्यक्ती विरोध नोंदवू शकते. नियमांनी प्रसिद्धीनंतरचे सहा महिने राखून ठेवले आहेत. त्यापुढील अवधी तपासणी किती चालते यावर अवलंबून असतो. रुग्णसंघटनांना एखाद्या अर्जाचा पत्ता लागून कागदपत्रे जमविण्यास लागणारा काळ पाहता, गतीची किंमत कोण मोजतो हा प्रश्न गौण ठरत नाही.

भारताने जपानबरोबर ५ डिसेंबर २०१९ पासून तीन वर्षांसाठी असा प्रायोगिक करार केला, तेव्हा सावधगिरी बाळगली होती. वर्षाला शंभर अर्जांची मर्यादा घातली गेली आणि भारतीय कार्यालयाने विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक, भौतिकशास्त्र, स्थापत्य, यंत्र, वस्त्रोद्योग, वाहन व धातुशास्त्र एवढीच क्षेत्रे खुली केली. औषधनिर्माण त्यात नव्हते. ही निवड योग्यच होती. परंतु औषधे वगळण्यामागे कायद्यांतील भेद हे कारण असेल, तर संगणकक्षेत्र कसे आले, याचा उलगडा होत नाही. जपानच्या कायद्याने २००२ च्या दुरुस्तीनंतर संगणक-प्रणालीला ‘वस्तू’च्या शोधात स्पष्ट स्थान दिले, भारतात कलम ३(के) अन्वये निव्वळ संगणक-प्रणाली शोधच मानली जात नाही. जपानमध्ये मंजूर झालेल्या दाव्यांशी जुळणारे दावे घेऊन असा अर्ज आला आणि भारतीय परीक्षकाने या कलमाखाली आक्षेप घेतला, तर वाचलेला वेळ दावे नव्याने लिहिण्यातच जातो. आक्षेप घेतला नाही, तर कलम ३(के) चा अर्थ टोकियोत ठरतो.