प्रशिक्षण झालं, अवलंब नाही : मग नापास कोण?

मृद व जलसंधारणाच्या प्रशिक्षणावर पीएच.डी. करायची म्हटलं की एक तयार साचा हाती येतो. प्रशिक्षित शेतकरी निवडा, प्रश्नावली भरून घ्या, 'ज्ञान' आणि 'अवलंब' यांना गुण द्या, कमी-मध्यम-जास्त असे तीन गट पाडा. शिफारसही ठरलेली : आणखी प्रशिक्षण द्या. माझी तक्रार या साच्याबद्दल आहे, आणि ती समजून घ्यायला दर्यापूर तालुका फार उपयोगी पडतो.

आधी त्याच अमरावती जिल्ह्यातला वरूड बघा. सातपुड्याचा पायथा, संत्र्याच्या बागा, खोल खोल जाणारे बोअर. 2016 मध्ये पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कपसाठी जे तीन तालुके घेतले, त्यात कोरेगाव आणि अंबाजोगाईबरोबर वरूड होता. गावकऱ्यांना प्रशिक्षण द्यायचं आणि मग श्रमदानातून कामं करायची, अशी ती रीत. तिथे 'माथा ते पायथा' लगेच पटतं : वर सलग समतल चर, खाली बांध, पाणी जमिनीत मुरवा.

आता दर्यापूरला या आणि माथा शोधून दाखवा! पूर्णेच्या खोऱ्यातलं हे सपाट, खोल, काळं वावर. हा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखाली पाणी आहे पण खारं. इथे पाऊस मुरवला तर तो आधी चिकण मातीत अडतो, आणि जो थोडा खाली जातो तो खाऱ्या पाण्यालाच मिळतो. वरूडला जे पाणी साठवणं आहे, ते इथे बऱ्याचदा पीक पिवळं पाडणं होतं.

यामागचं मृदाशास्त्र नीट वाचा, विस्तार शिक्षणाचे विद्यार्थी ते हमखास टाळतात. कोरड्या हवामानात मातीतला कॅल्शियम चुनखडीच्या रूपात बसतो, चिकणमातीच्या कणांवर सोडियमचा वाटा वाढतो, कण विखुरतात आणि निचरा मंदावतो. विहिरीचं खारं पाणी दिलं की यात भरच पडते. विनिमयक्षम सोडियम 15 टक्क्यांच्या वर गेला तर जमीन चोपण, हा अमेरिकेत 1954 पासून रूढ झालेला निकष आपण पाठ करतो. पण बलपांडे आणि सहकाऱ्यांचा 1996 चा पूर्णा खोऱ्यावरचा लेख काढून वाचा. इथल्या मातीचा निचरा त्या आकड्याच्या कितीतरी आधीच बिघडलेला असतो.

म्हणून इथली कामं वेगळी : पावसाचं गोडं पाणी शेततळ्यात धरणं, जिप्सम, धैंचा-बोरूचं हिरवळीचं खत, जादा पाणी काढून देणारा रुंद सरी-वरंबा, आणि उरलेल्या ओलीवर हरभरा. 2018 मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने खारपाणपट्ट्यातली गावं वेगळी धरली, हे योग्यच झालं. प्रश्नावल्या मात्र अजून डोंगरातच आहेत.

समजा, तुम्ही विचारलं, "दादा, तुम्ही बांधबंदिस्ती केली का?" तो म्हणतो, "नाही. पानी तुंबते न!" तुमच्या तक्त्यात पडला शून्य. म्हणजे ज्याने स्वतःचं वावर बरोबर ओळखलं, तोच 'कमी अवलंब' गटात गेला. उद्या त्या तक्त्यावरून त्याच्या गावाला तेच प्रशिक्षण पुन्हा मिळणार, आणि कुणी त्याचं ऐकून बांध घातलाच तर हंगाम जाणार तो शेतकऱ्याचा, गाईडचा नाही.

हा दोष आपल्याकडचाच आहे असंही नाही. नवकल्पनांच्या प्रसारावर 1962 मध्ये पुस्तक लिहिणाऱ्या एव्हरेट रॉजर्सनेच पुढच्या आवृत्त्यांत मान्य केलं, की या संशोधनात 'नवं ते स्वीकारायलाच हवं' असा कल आहे. आपण त्याच्या अवलंबकांच्या पाच श्रेणी घेतल्या, ही कबुली सोडून दिली.

तेव्हा आराखडा लिहिताना प्रत्येक 'नाही'पुढे 'का नाही' असा रकाना ठेवा आणि त्याला गुण देऊ नका, तो तसाच लिहून घ्या. शक्य असेल तर मातीचा आणि विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासा. अकोल्याचं कृषी विद्यापीठ काही लांब नाही. आणि मुलाखती मे महिन्यात उरकू नका. तेव्हा जमीन भेगाळलेली असते, सगळं कोरडं दिसतं, बांध घालावेसे वाटतात. ऑगस्टमध्ये जा, चप्पल हातात घेऊन.